खिळा, शाई आणि मोकळी जागा

आयोजकांनी मला विषय दिला तो ‘ग्राफिक डिझाईन : इतिहास आणि मूलतत्त्वे’ असा. मी त्यांना म्हटलं, माझा जन्म तर्कशास्त्र शिकवण्यात गेला, मला साधा चौकोनही सरळ काढता येत नाही. ते म्हणाले, म्हणूनच तुम्ही बोला, चित्रकार लोक आम्हांला चित्रंच दाखवत बसतात. तेव्हा आज चित्रं नाहीत. मी एकाच गोष्टीबद्दल बोलणार आहे, आणि ती म्हणजे आपलं मराठी अक्षर छापलं कसं गेलं. या विद्येची जी काही मूलतत्त्वं मला उमगली, ती मला या इतिहासातच सापडली.

सुरुवात एका फजितीपासून करतो. पंचेचाळीस वर्षांपूर्वी आमच्या कॉलेजच्या नियतकालिकाचं संपादन माझ्याकडे होतं. गावातल्या एका छापखान्यात, त्याचं नाव सांगत नाही, आम्ही ते छापत असू. मी मोठ्या हौसेनं ‘तर्काची मर्यादा’ असा लेख लिहिला. प्रूफं दोनदा तपासली. अंक हातात आला तर पानोपानी ‘तकाची मर्यादा’! रफार गायब. ताकाची म्हणावं तर काना नाही. विद्यार्थी वर्षभर हसत होते. मी तणतणत छापखान्यात गेलो. तिथल्या वयस्कर कंपोझिटरनं एक खिळा माझ्या तळहातावर ठेवला आणि म्हणाला, “सर, हा बघा. रफार खिळ्याच्या बाहेर लोंबतो. मशीनच्या दाबानं तुटतो. तुमची चूक नाही, माझी नाही. अक्षराचीच घडण तशी आहे.”

अक्षराचीच घडण तशी आहे, हे वाक्य मी तेव्हा सोडून दिलं नाही. पुढे जे वाचलं ते त्या वाक्याचा पाठलाग करतच वाचलं.

‘ग्राफिक डिझाईन’ हा शब्द तसा अलीकडचा. अमेरिकेतले डब्ल्यू. ए. ड्विगिन्स यांनी तो 1922 मध्ये आपल्या एका लेखात वापरला आणि तिथून तो रूढ झाला असं साधारणपणे सांगतात. पण काम फार जुनं आहे. मजकूर असा मांडायचा की डोळा आधी कुठे जावा, मग कुठे जावा, कुठे थांबावा हे वाचणाऱ्याला न सांगता कळावं, एवढंच ते काम. आपल्याकडे याला मांडणी म्हणत, ठेवण म्हणत. आणि आपली पोथी पाहिलीत तर ही ठेवण तिथे पक्की दिसते. लांबट पान, चारी बाजूंना समास. ‘त्रिपाठ’ म्हणून एक पद्धत होती. त्यात मूळ श्लोक पानाच्या मधोमध मोठ्या अक्षरात, आणि त्याची टीका वर आणि खाली बारीक अक्षरात. आज ज्याला हायरार्की म्हणतात ती हीच. महत्त्वाचं ते मोठं आणि मध्यात, त्यावरचं भाष्य लहान आणि कडेला. अध्याय संपला की समाप्तीचे शब्द हिंगुळाच्या लाल शाईनं. चूक झाली तर तिच्यावर हरताळाचा पिवळा लेप द्यायचा आणि वरून पुन्हा लिहायचं. ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार आपण रोज वापरतो, पण तो लेखनिकाच्या खोडरबरातून आलेला आहे हे लक्षात राहत नाही.

म्हणजे मांडणी होती, तीही शेकडो वर्षांची. नव्हता तो खिळा.

आता आपण गोव्यात जाऊ. हिंदुस्थानातला पहिला छापखाना गोव्यात 1556 मध्ये जेझुइटांनी सुरू केला. त्यानंतर साठ वर्षांनी, 1616 मध्ये, फादर थॉमस स्टीफन्सचं ‘ख्रिस्तपुराण’ रायतूरला छापलं गेलं. ओवीबद्ध मराठी. पण छापलं रोमन लिपीत! असं का? माणूस जन्मानं इंग्रज असला तरी मराठीवर त्याचा जीव होता. 1608 मध्ये त्यानं रोमला वरिष्ठांना एक पत्र लिहिलं, त्यात उत्तर सापडतं. या देशाच्या भाषेत आणि या देशाच्या अक्षरांत पुस्तकं छापावीत अशी आपली अनेक वर्षांची इच्छा आहे, पण साचे सहाशेच्या घरात करावे लागतील, कारण इथली लिपी आपल्या चोवीस अक्षरांसारखी नाही, असं तो लिहितो.

सहाशे कसे? हिशेब सोपा आहे. क वेगळा, कि वेगळा, कु वेगळा, क्र वेगळा, क्त वेगळा, क्ष वेगळा. लेखणीला याचं ओझं नसतं, हात वळेल तसं वळवायचं. धातूला मात्र प्रत्येक वळण स्वतंत्र पाडावं लागतं. यात एक गंमत आहे. छपाईचा जनक म्हणून आपण ज्याचं नाव घेतो त्या गटेनबर्गनं 1455 च्या सुमारास मेन्झला बायबल छापलं, तेव्हा त्यालाही हस्तलिखितासारखं पान हवं होतं. म्हणून त्यानं त्या चोवीस-सव्वीस अक्षरांसाठी जवळजवळ 290 वेगवेगळे खिळे पाडले होते. जोडअक्षरं, आखूड रूपं, संक्षेपाची चिन्हं, सगळं. पुढच्या काळात युरोपनं हे कमी कमी करत आणलं. तेव्हा ‘रोमन लिपी यंत्राला सोयीची, आपली गैरसोयीची’ हे वाक्य इतिहासात टिकत नाही. त्यांनीही आपल्या अक्षराला यंत्रासाठी कापलं, फक्त ते कापणं इतकं जुनं झालं की आता नैसर्गिक वाटतं.

स्टीफन्सनंतर सुमारे दोनशे वर्षं आपल्या बाजूला नुसते प्रयत्न. सुरतेचे व्यापारी भीमजी पारेख यांच्या खटपटीनं 1674 मध्ये हेन्री हिल्स नावाचा मुद्रक मुंबईला आला. त्याला छापता येत होतं, अक्षरं पाडता येत नव्हती, त्यामुळे नागरी छपाई राहिली ती राहिलीच. 1805 मध्ये मिरजेला पटवर्धनांच्या आश्रयानं गीता छापली गेली, पण तीही तांब्याच्या पत्र्यांवर कोरून. त्याच वर्षी तिकडे बंगालमध्ये श्रीरामपूरला विल्यम केरीचं मराठी व्याकरण देवनागरी खिळ्यांनी छापून निघालं. मराठीचा खिळा बंगालातून यावा याचं तेव्हा कुणाला वैषम्य वाटलं की नाही कोण जाणे. मला वाटतं.

मुंबईत हे काम अमेरिकन मिशनच्या छापखान्यानं पुढे नेलं. तिथे थॉमस ग्रॅहम म्हणून एक कारागीर होता, त्यानं मराठी अक्षरांचे ठसे कोरले. त्याच छापखान्याशी संबंध आलेले गणपत कृष्णाजी यांनी आधी शिळाप्रेस काढला, 1831 मध्ये पंचांग छापलं, आणि मग स्वतःचे खिळे पाडले. छापील शाईत चरबी असणार म्हणून सोवळ्यातली माणसं पुस्तकाला हात लावेनात, तेव्हा गणपत कृष्णाजींनी शाईत तूप घातलं असं सांगतात. मला ही गोष्ट फार आवडते. ग्राहक कोण आहे, त्याला काय खुपतं, हे ओळखून वस्तू बदलायची, ही डिझाईनची पहिली पायरी. शाळेत न जाता तो ती चढला.

आणि मग जावजी दादाजी. 1839 चा जन्म. लहान वयात अमेरिकन मिशनच्या छापखान्यात खिळे घासायला लागलेला मुलगा. 1864 मध्ये त्यांनी स्वतःचा खिळे पाडण्याचा कारखाना काढला, 1869 मध्ये निर्णयसागर छापखाना. त्यांच्या यशातला अर्धा वाटा राणोजी रावजी आरू या कारागिराला द्यायला हवा. निर्णयसागरच्या अक्षरांचे ठसे कोरले ते आरूंनी. संस्कृतचे जर्मन पंडितसुद्धा निर्णयसागरच्या आवृत्त्या वापरत, पण आरूंचं नाव आज किती जणांना ठाऊक आहे? हात वर करा. बघा, दोघं-तिघं.

ठसा कसा कोरतात ते थोडं सावकाश सांगतो, कारण सगळं तत्त्वज्ञान तिथे आहे. पोलादाची एक छोटी कांडी घ्यायची. तिच्या टोकावर अक्षर उलटं, आरशात दिसतं तसं, उठावदार करायचं. समजा, ठ करायचा आहे. नवशिका विचारेल, रेषा कुठून कोरू? कसबी कारागीर रेषेला हातच लावत नाही. तो आधी ठ च्या पोटातली पोकळी तयार करतो. त्या पोकळीच्या आकाराचा एक वेगळा ठसा करून तो कांडीत ठोकतो, आणि मग बाहेरचं पोलाद घासत घासत आणतो. शेवटी जे उरतं ते अक्षर. त्या पोलादाला पाणी देऊन कडक करायचं, तांब्याच्या तुकड्यावर ठोकून मातृका करायची, मातृका साच्यात बसवून शिसे, कथील आणि अँटिमनी यांचा वितळलेला रस ओतायचा. निघतो तो खिळा.

म्हणजे कारागीर पोकळी घडवतो, अक्षर आपोआप घडतं. आमच्या वैशेषिकांनी ‘अभाव’ हा स्वतंत्र पदार्थ मानावा की नाही यावर शतकानुशतकं वाद घातला. आरूंसारख्या माणसाला तो वाद घालायची गरज नव्हती, त्याच्या हातात अभावाचा ठसाच होता. कागदावरची मोकळी जागा म्हणजे उरलेली जागा नव्हे. ब च्या पोटातली जागा, दोन शब्दांमधली, दोन ओळींमधली, भोवतीचा समास, हे सगळं घडवलेलं असतं. लग्नपत्रिका छापताना आपले लोक म्हणतात, “एवढी जागा रिकामी का सोडली? आत्याचं नाव घाला तिथे.” तेव्हा आत्याचं नाव येतं, आणि वधूवरांची नावं दिसेनाशी होतात.

आता त्या माझ्या तुटलेल्या रफाराकडे येऊ. आपली ओळ तीन मजली आहे. मधे अक्षराचं अंग, वर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार, खाली उकार आणि रुकार. खिळे पाडणाऱ्यांनी यावर दोन तोडगे काढले. एक म्हणजे अक्षराचा खिळा पूर्ण उंचीचा ठेवायचा, आणि वरची-खालची चिन्हं शेजारच्या खिळ्यावर लोंबती ठेवायची. ओळ सुंदर दिसते, पण लोंबतं ते तुटतं. दुसरा मुंबईतला ‘डिग्री’चा मार्ग. त्यात मजलेच वेगळे करायचे, अंगाचे खिळे वेगळे, मात्रांचे वेगळे, आणि कंपोझिटरनं ते एकावर एक रचायचे. तुटणं थांबतं, पण एका ओळीसाठी तीन ओळींची मेहनत पडते. शिवाय शिरोरेषा प्रत्येक खिळ्यावर तुकड्यातुकड्यानं असते. खिळे झिजले की त्या तुकड्यांत फटी पडतात आणि ओळ दात पडल्यासारखी दिसते. जुनं पुस्तक उघडून बघा, दिसेल. बापूराव नाईकांनी 1971 मध्ये ‘टायपोग्राफी ऑफ देवनागरी’ हा तीन खंडांचा ग्रंथ लिहिला, त्यात हे सगळं बारकाईनं आलेलं आहे. सरकारी मुद्रणखात्यातल्या माणसानं असा ग्रंथ लिहावा हे आपलं भाग्यच.

निर्णयसागरचं पान आता नव्यानं पाहा. मूळ श्लोक ठसठशीत अक्षरात, खाली टीका लहान अक्षरात, त्याखाली पाठभेद आणखी बारीक. पोथीतला त्रिपाठ मोडला नाही, तो उभ्या पानावर आणून बसवला. मला विचाराल तर मराठी मुलखातलं ग्राफिक डिझाईनचं हे पहिलं मोठं काम.

पण या कथेत एक हरलेला पक्ष आहे. तो म्हणजे मोडी.

आपले कागद, हिशेब, पत्रं, सनदा शतकानुशतकं मोडीत लिहिल्या गेल्या. आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ मारायची आणि तिच्याखाली हात न उचलता अक्षरं सोडत जायची. ऱ्हस्व-दीर्घाची कटकट नाही. बोरूच्या वेगासाठी झालेली लिपी ती. धातूचा खिळा म्हणजे सुटा चौकोनी ठोकळा. वाहत्या पाण्याच्या विटा पाडायच्या तशातला प्रकार. अशक्य होतं का? नव्हतं. श्रीरामपूरला केरीनंच मोडीचे खिळे पाडले, 1810 चा मराठी कोश मोडीत छापला. म्हणून ‘मोडी छापता येत नव्हती, म्हणून गेली’ हे मी मान्य करत नाही. मुंबईच्या छापखान्यांनी आणि शाळाखात्यानं बालबोध निवडली, पुस्तकं तिच्यात निघाली, मुलं तिच्यात शिकली. मोडी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शाळांतून शिकवली गेली आणि मग थांबली. छपाईला एकच लिपी सोयीची होती हे खरं, पण ती सोय कुणाच्या तरी वाचण्याच्या मोबदल्यात आली. माझ्या आजोबांच्या कागदांचा एक रुमाल घरात आहे. दोन पिढ्यांत तो आम्हांला मुका झाला. त्याच्याकडे शेवटी येतो.

बालबोधीचीही सुटका झाली नाही. टाइपरायटर आला, लायनो-मोनो आले. यंत्रावर कळा मोजक्या. मग सुरू झाली लिपी सुधारण्याची चळवळ. टिळकांनी केसरीसाठी खिळ्यांची संख्या कमी करण्यात बरीच डोकेफोड केली. सावरकरांनी अ ला वेलांटी, उकार लावून इ, उ ही स्वतंत्र अक्षरंच काढून टाकावीत असं सुचवलं. हरी गोविल अमेरिकेत लायनोटाइपवर नागरी बसवायला झटले. 1953 ला लखनौच्या परिषदेत तर ऱ्हस्व वेलांटी डावीकडून उजवीकडे आणायचं ठरलं, आणि थोड्याच वर्षांत ते मागे घ्यावं लागलं. यातली माणसं मोठी होती, हेतू चांगला होता. पण प्रत्येकजण धरून चालला होता की यंत्र आहे तसंच राहणार, वाकायचं ते लिपीनं. पुढे संगणक आला आणि यंत्रच वाकलं. तोपर्यंत लिपी पुरती बदलली असती, तर ती परत आणायला कोण गेलं असतं?

युरोपातही याच सुमारास मोठा वाद चालू होता, तो थोडक्यात सांगतो. 1928 मध्ये यान चिखोल्ड या तरुण जर्मनानं नव्या मुद्रणकलेचा जाहीरनामाच लिहिला. मजकूर मधोमध मांडणं बंद, नक्षी बंद, साधी ठोकळेबाज अक्षरं, एका बाजूला तोललेलं पान. नाझी आले, त्यांनी त्याला पकडलं, तो स्वित्झर्लंडला गेला. आणि दुसऱ्या महायुद्धानंतर हाच माणूस म्हणाला की माझ्या त्या नियमांच्या हट्टात आणि हुकूमशाहीच्या शिस्तीत काहीतरी नातं होतं. पुढे त्यानं लंडनला पेंग्विनची पुस्तकं अगदी जुन्या, मधोमध मांडणीत नटवली. आपलं तरुणपणचं तत्त्व असं तपासणारे तत्त्वज्ञसुद्धा मी फार पाहिले नाहीत.

बिअट्रिस वॉर्ड या बाईंचं 1930 चं लंडनचं व्याख्यानही प्रसिद्ध आहे. अक्षर काचेच्या नितळ पेल्यासारखं असावं, पेला दिसू नये, आतलं मद्य दिसावं, असा त्यांचा मुद्दा. पुस्तकाच्या मजकुरापुरतं मला पटतं. पण मग आपल्या कमल शेडग्यांचं काय करायचं? वर्तमानपत्रातल्या नाटकांच्या जाहिराती आठवा. नाटकाचं नाव असं लिहिलेलं की अक्षरातच नाटक सुरू व्हायचं. तिथे पेलाच आधी दिसायचा आणि तो दिसावा म्हणूनच केलेला असायचा. जाहिरातीनं थांबवायचं, पुस्तकानं चालतं ठेवायचं. दोघांना एक नियम लावणं म्हणजे लावणी आणि हरिपाठ एकाच चालीत म्हणणं.

आता संगणकावर येतो आणि आवरतं घेतो. र. कृ. जोशी कवी, सुलेखनकार, जाहिरातक्षेत्रात आयुष्य घालवलेले आणि मग पवईला आयआयटीत शिकवणारे. विंडोज संगणकांवर आलेला ‘मंगल’ फाँट त्यांनी केला. कोट्यवधी लोकांनी त्यांचं अक्षर नाव न कळता वाचलं, आरूंचं वाचलं तसंच. तांत्रिक अडचण संपली म्हणावं, तर एक नवी उभी राहिली. युनिकोडमध्ये मराठीचा आणि हिंदीचा ल एकच, श एकच, क्रमांक एकच. त्याचं रूप कसं दाखवायचं ते फाँट ठरवणार. मराठी वळणाचा ल आणि हिंदी वळणाचा ल वेगळा असतो हे इथे बसलेल्या माझ्या वयाच्या लोकांना सांगायला नको. पण तुमच्या नातवंडांच्या मोबाईलवर कोणता दिसतो ते आज घरी जाऊन पाहा.

ल च्या वळणानं निदान अर्थ बिघडत नाही. आपल्या अर्ध्या र नं बिघडतो. ‘आचार्यास बोलवा’ आणि ‘आचाऱ्यास बोलवा’. पहिल्यात गुरुजी येतात, दुसऱ्यात स्वयंपाकी. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातल्या. ही डोळ्याच्या पापणीसारखी बारीक खूण हिंदीला लागत नाही, मराठीला लागते. ती करायला कळफलकावर कोणत्या कळा दाबायच्या हे कितीतरी शिकलेल्या लोकांना माहीत नसतं. परवा एका सभेच्या निमंत्रणात मी ‘कार्यकर्त्यांच्या सार्या अडचणी’ असं वाचलं. ‘साऱ्या’ लिहायचं होतं बिचाऱ्याला. मला माझा ‘तक’ आठवला. पण तेव्हा धातू तुटला होता. आता काहीच तुटलेलं नाही, सोय आहे, फक्त कुणी शिकवत नाही.

हं, तो रुमाल. 2014 मध्ये मोडीलाही युनिकोडमध्ये जागा मिळाली, आता तिचे फाँट निघताहेत, वर्ग चालतात. माझी एक विद्यार्थिनी अशा वर्गाला जाऊन मोडी शिकली. गेल्या दिवाळीत तिला मी रुमाल सोडून दाखवला. आमच्या घरात समज असा, की त्यात जमिनीचे कागद आहेत, कुणीतरी बळकावलेल्या. दोन भावांत त्यावरून वीस वर्षं बोलणं नव्हतं. तिनं पहिला कागद उचलला, बोट फिरवत सावकाश वाचू लागली. लग्नासाठी शेजारून आणलेल्या भांड्यांची यादी होती ती. पितळी पराती चार, घंगाळ एक, तांबे बारा, पैकी एक पोचा आलेला. पुढच्या कागदांचं वाचन अजून चालू आहे. जमिनीचा अजून तरी निघालेला नाही.

प्रश्न असतील तर घेऊ या.